शर्वरीच्या मापाची रायफल

वरवंडचे आमचे शेजारी हौसराव लेकीला सगळं वाढत्या मापाचं घेतात. चपला, गणवेश, सायकलसुद्धा. दहा वर्षांच्या शर्वरीची नेमबाजीची पहिली स्पर्धा जवळ आली, म्हणून आम्ही एअर रायफल घ्यायला पुण्याला गेलो. दुकानात हौसरावांनी मोठ्या माणसांचीच उचलली.

"कालिजात जाईपतुर पुरंल."

शर्वरीने ती खांद्याला लावली, तर दस्ता काखेत अडकला आणि नळी खाली झुकली. दुकानदाराने मुलांसाठीची हलकी रायफल दिली. ती तिच्या हातात हलली नाही.

"आप्पा, हिच्यातनं नेम बसतोय."

हौसरावांनी मोठी रायफल दुकानदाराकडे परत सरकवली. मग म्हणाले, "हीच बांधा. मोठी झाली की पुढची तिची तीच निवडंल."