दीपगृहवाल्याची बायको

नोव्हेंबरात जर्मनीतल्या येनाच्या दरीत धुकं उतरलं की माहेरपणाला आलेल्या नणंदेसारखं मुक्काम ठोकूनच बसतं. दुपारचे बारा वाजले तरी जायचं नाव नाही. त्या शुक्रवारी सकाळी समोरची टेकडी गायब होती, ट्राम नुसती आवाजावरून कळत होती, आणि चारुलताबाई शिंगटे मुलाची जुनी ट्रॅकपँट चढवून तिसऱ्या मजल्यावरून जिना पुसत खाली येत होत्या. ज्याच्या दाराला पाळीची पाटी लटकेल त्या आठवड्यात जिना त्याचा, हा इथला कायदा. मालविका, म्हणजे सून, म्हणायची, अहो आई, राहू द्या, आम्ही बघतो. पण बाईंना जिना आवडायचा. जिन्यात माणसं भेटायची. खालच्या मजल्यावरची म्हातारी ओल्या पायरीला वळसा घालून गेली आणि जाताना म्हणाली, "गुटन मॉर्गन, फ्राऊ प्रोफेसर."

हातात फडकं असताना प्रोफेसर म्हणवून घ्यायचं भाग्य बाईंना इस्लामपुरात अठ्ठावीस वर्षांत लाभलं नव्हतं. तिथं फडकं धरायला दुसरी बाई होती आणि पोरं पाठीमागं त्यांना नुसतं 'शिंगटी' म्हणायची.

पण प्रोफेसरकी खरी होती. वाळवा तालुक्यातल्या एका कॉलेजात बाईंनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्रजी कविता शिकवली. शिकवली म्हणजे उतरवून दिली. एक पिवळं गाईड होतं. ते त्यांच्या सरांनी त्यांना दिलं होतं, सरांना त्यांच्या सरांनी. त्यात लिहिलं होतं की त्या काळच्या कवितेची वैशिष्ट्यं चार: खिन्नता, श्रद्धेचा ऱ्हास, निसर्ग आणि गतकाळाची ओढ. प्रश्न सोळा मार्कांचा, म्हणजे एकेका वैशिष्ट्याला चार. राणीनं त्रेसष्ट वर्षं राज्य केलं, हजारो माणसांनी कविता केल्या, पण ह्या चौकटीच्या बाहेर पाय टाकायची कुणाची टाप झाली नाही, असं गाईड वाचून वाटायचं. मूळ कवितांचं पुस्तक कॉलेजात एक होतं. ते ग्रंथपालाच्या कपाटात कुलपात असायचं, कारण ते खराब होईल अशी त्याला भीती होती. तो रिटायर झाला तेव्हा पुस्तक करकरीत नवं होतं.

त्यातली 'दीपगृहवाल्याची बायको' ही कविता बाईंची खास. कवी असा की त्याचं नाव इंग्लंडातही कुणी काढत नसेल, पण अभ्यासक्रम समितीत कुणालातरी आवडला असावा. गाईडात त्या कवितेच्या चारच ओळी होत्या, उत्तरात अवतरण म्हणून टाकायला. दिवा लावलाय, खुर्ची रिकामी आहे, ताटातलं गार झालंय आणि जिन्यावर तिचं पाऊल वाजत नाही. खाली स्पष्टीकरण: 'पत्नीच्या निधनानं खचलेल्या पतीचा आक्रोश. विझत चाललेला दिवा म्हणजे श्रद्धा.' हे सांगताना बाईंचा आवाज दर वर्षी त्याच जागी दाटून यायचा. पुढच्या बाकावरच्या मुली डोळ्याला ओढणी लावायच्या आणि मागच्या बाकावरचे विचारायचे, बाई, 'आक्रोश'ला इंग्रजीत काय लिहायचं.

नवरा गेल्यावर बाई मिहीरकडं येनाला आल्या. मिहीर भिंगांच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पहिली दोन वर्षं त्यांनी कचरा निवडला: कागद इकडं, प्लास्टिक तिकडं, काच पुलापलीकडं. मग एक दिवस बाजारात हाक आली. वेदांत. त्यांच्या हाताखाली शिकलेला, मग वाट बदलून विज्ञानाकडं गेलेला आणि आता इथल्या विद्यापीठात प्रकाशकिरणांवर संशोधन करणारा. त्याला दीपगृहाच्या प्रश्नाला सोळापैकी पंधरा मिळाले होते. त्यानंच प्रौढांच्या शाळेत, म्हणजे फोल्क्सहोखशूलेत, शब्द टाकला. महिनाभरात पोस्टर लागलं: 'व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कविता. मंगळवार, दुपारी चार. प्रा. चारुलता शिंगटे, भारत.' किमान आठ विद्यार्थी हवेत अशी अट होती. नऊ आले.

नवाच्या नवांनी पहिल्या दिवशी फाइली आणल्या. बाईंनी दिलेला कागद त्यांनी हातात पडताच भोकं पाडून फाइलीला लावला. बाई बोलल्या की सगळे लिहून घ्यायचे आणि अधूनमधून "गेनाऊ" म्हणायचे, म्हणजे अगदी बरोबर. इस्लामपुरात अठ्ठावीस वर्षांत कुणी 'बरोबर' म्हटलं नव्हतं. बहुतेकांचं शिक्षण जुन्या पूर्व जर्मनीत झालेलं, शाळेत रशियन शिकलेले, इंग्रजी उतारवयात उचललेलं. त्यामुळं कवितेत काय आहे ते बाई म्हणतील ते.

त्यात हेर, म्हणजे श्रीयुत, क्रामर नावाचे एक गृहस्थ होते. वय चौऱ्याहत्तर. सगळा जन्म भिंगं घासण्यात गेला. केसाचा शंभरावा भागसुद्धा मोजल्याशिवाय ज्यानं कधी मान्य केला नाही, असा माणूस. त्यांची बायको गेर्डा वर्षापूर्वी वारली होती. दीपगृहाच्या चार ओळी बाईंनी नेहमीच्या आवाजात वाचल्या आणि नेहमीच्या जागी त्यांचा गळा दाटला. हेर क्रामरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत काढला. पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनी सांगितलं की गेर्डाच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नाही, वर्षभर शब्दच सापडत नव्हते. आता सापडले. ह्या चार ओळी. पाथरवटाला सांगितलंय, सोमवारी छिन्नी लावणार.

बाई त्या दिवशी ट्राममध्ये न बसता चालत घरी आल्या. आपली शिकवणी दगडावर कोरली जाणार, हे त्यांनी इस्लामपूरच्या निवृत्त प्राध्यापकांच्या ग्रुपवर टाकलं. एकवीस अंगठे आले.

आता एवढा मान मिळाल्यावर पुस्तक जवळ असावं, असं त्यांना वाटलं. चार ओळींच्या अलीकडंपलीकडंही काही असेल. वेदांतनं अर्ज करून दिला आणि दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून ते मागवलं. त्या शुक्रवारी ते आलं. जिना झाल्यावर ट्रॅकपँट बदलून बाई ते आणायला गेल्या आणि परतताना त्यांनी ट्राममध्ये खिडकीशी बसून, आयुष्यात पहिल्यांदा, 'दीपगृहवाल्याची बायको' अथपासून इतिपर्यंत वाचली.

चार ओळींच्या पुढं एकवीस कडवी होती. दुसऱ्याच कडव्यात बायको जिवंत निघाली. ती होडीत बसून शनिवारच्या बाजाराला मासे विकायला गेली होती, आणि जाताना मिठाच्या डब्याची किल्ली कनवटीला लावून गेली होती. नवरा अळणी खात बसलेला. आक्रोश मिठाचा होता. दिवाही विझत नव्हता, तो रागानं वात कमी करत होता, म्हणजे परत येताना तिची होडी खडकावर थोडी तरी आपटावी. शेवटच्या कडव्यात ती सोमवारी नवी टोपी घालून येते आणि तो म्हणतो, तू गेली होतीस का, मला कळलंच नाही.

बाई हसल्या. एकदा हसल्या ते हसतच राहिल्या. समोरच्या माणसानं पिशवी मांडीवर घेतली. कवितेला हसायचं असतं हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि मग एकदम त्यांना पाथरवट आठवला. सोमवार.

घरी आल्यावर त्यांनी मिहीर-मालविकाला सांगितलं. मालविका मूळची पुण्याची. तिनं शांतपणे विचारलं की कबर बघायला कोण इंग्रजी तज्ज्ञ येणार आहे. चार ओळी तेवढ्या वाचल्या तर दुःखाच्याच आहेत की. शिवाय आईंचं इथं आत्ता कुठं नाव झालंय, वर्ग बंद पडला तर काय. मिहीरनं लॅपटॉप उघडला. "आई, थांब. आपल्या हाफ्टफ्लिष्टमध्ये हे बसतं का बघतो. कुणाचं नुकसान झालं तर तो विमा भरून देतो."

"काय भरून देणार रं? बायको?"

मिहीरनं लॅपटॉप मिटला.

बाईंनी वेदांतला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला की मॅडम, मी तर ह्यावर पंधरा मार्क मिळवलेत, ते आता परत करायचे का. बाई म्हणाल्या, तुझे राहू देत. तो म्हणाला, बोलू नका मग. अठ्ठावीस वर्षं कुणी तपासलं नाही, आता कोण तपासतंय.

"अरं पोरा, आधीचं सगळं कागदावर होतं," बाई म्हणाल्या. "कागद रद्दीत जातो. हा दगड हाय."

शनिवारीही धुकं होतं. हेर क्रामर गावाबाहेरच्या आपल्या बागेच्या तुकड्यावर होते. तिथं प्रत्येकाला एक वाफा, एक खोपटं आणि नियमांची एक पुस्तिका असते. ते थंडीसाठी गुलाबांच्या बुडाशी माती ओढत होते. बाईंना बघून त्यांनी हातमोजे काढले आणि खोपटातून खुर्ची आणून पुसली. बाईंनी येताना वाटेत जर्मन वाक्य पाठ केलं होतं. खुर्ची पुसलेली बघून ते विसरलं. मग त्यांनी आपल्या इंग्रजीत आणि त्यांना कळेल अशा सावकाशीनं सांगितलं की मी ही कविता काल पहिल्यांदा वाचली.

हेर क्रामरना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पण तुम्ही अठ्ठावीस वर्षं शिकवली."

"हो. शिकवली. वाचली नाही."

भिंगवाल्या माणसाला हे पटायला वेळ लागला. त्यांनी तीन वेगळ्या प्रकारे तोच प्रश्न विचारला: पुस्तक नव्हतं का, कुलूप कशाला, आणि मग विद्यार्थी काय वाचत होते. बाईंनी तिन्हींची उत्तरं दिली. एकेका उत्तरासरशी पोस्टरवरचं 'प्रा.' पुसलं जातंय असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांनी बायको मेलेली नाही हे सांगितलं. मिठाचंही सांगितलं.

हेर क्रामरनी वाकून गुलाबाच्या बुडाची माती हातानं दाबली. मग म्हणाले, "गेर्डाला मासे आवडत नव्हते."

हेर क्रामरनी खिशातून फोन काढला आणि पाथरवटाला लावला. पलीकडचा घाईत असावा. त्यांनी त्याला सांगितलं की मजकूर रद्द, फक्त नाव आणि दोन तारखा. फोन ठेवून ते म्हणाले की तारखा मी स्वतः नोंद कचेरीत जाऊन तपासल्यात, त्यात चूक होत नाही.

बाई उठल्या. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर हेर क्रामर म्हणाले, "मग, ती परत येते का?"

"कोण?"

"दीपगृहवाली."

बाईंनी पुस्तक काढलं. थंडीत, मफलर नाकापर्यंत ओढून, त्यांनी एकवीस कडवी वाचली. अडलं तिथं हातवारे केले. गळा कुठंच दाटला नाही. टोपीच्या कडव्याला हेर क्रामरांच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की सर्दीचा, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मग हेर क्रामरनी हातमोजे चढवले आणि थंडपणे सांगितलं की हे मंगळवारी सगळ्यांना सांगायला हवं, कारण सगळ्यांच्या फाइलीत चुकीचा कागद आहे.

मंगळवारी बाईंनी सांगितलं. नऊ जणांनी फाइली उघडल्या आणि तो कागद काढून घेतला. एक बाई म्हणाल्या की मी त्यावर तीन रंगांनी खुणा केल्या होत्या. दुसरे एक गृहस्थ विचारत होते की मग चार वैशिष्ट्यांचं काय, ती तरी ठेवायची का. बाई म्हणाल्या, माहीत नाही, आपण बघू. 'माहीत नाही' म्हणणारी प्रोफेसर त्यांनी पाहिली नव्हती. पुढच्या मंगळवारी पाचच आले. हेर क्रामर त्यांत होते, नवी फाइल घेऊन. पण अट आठाची होती. कचेरीतल्या मुलीनं फार सभ्यपणे कागद दिला: विद्यार्थीसंख्येअभावी वर्ग रद्द. पोस्टर काढून ती घडी घालत होती, तेवढ्यात बाईंनी ते मागून घेतलं. तिनं विचारलं, आठवण म्हणून का. बाई म्हणाल्या, मागची बाजू कोरी आहे.

इस्लामपूरच्या ग्रुपवर काय लिहायचं हे बाईंना ट्राममध्ये बसून सुचेना. दगडावर काय कोरलं ते दाखवा, असा एकीचा निरोप तीन दिवस पडून होता. त्यांनी शेवटी कवितेच्या सगळ्या पानांचे फोटो काढले, एकामागून एक पाठवले आणि खाली लिहिलं: आधी वाचा. अर्धा तास झाला तरी एकही अंगठा आला नाही.

घरी मालविकानं तुर्की दुकानातून पालकाच्या चार जुड्या आणल्या होत्या. मातीनं भरलेल्या, मुळांसकट. "आई, तुम्ही बसा, मी करते," ती म्हणाली.

"तू डाळ लाव," बाई म्हणाल्या. पोस्टर त्यांनी टेबलावर उलटं पसरलं, त्यावर पालक ओतला, चष्मा सारखा केला आणि पान न् पान उलटून बघत पिवळी बाजूला काढायला लागल्या.