अंगठ्याखालचा आकडा

अंकांचं चित्रपुस्तक हातात आलं की अक्का आधी आकडा अंगठ्याने झाकायच्या. मग चित्रातल्या वस्तू बोट ठेवून, सावकाश, पहिलीतल्या मुलासारख्या मोजायच्या. मोजून झाल्यावरच अंगठा उचलायचा. पाचोऱ्याजवळच्या आमच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. पण गावात त्यांना बाई कोणी म्हणत नसे. लहानथोर सगळ्यांच्या त्या अक्काच.

मी तिथे पहिलीचा शिक्षक. जळगावला पुस्तकं निवडायला मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. वीस पाहून त्या तीन घेत. दुकानदार कंटाळून म्हणे, "अक्का, खरेदीला आलात की तपासणीला?"

"शेठजी, घरी डाळ निवडूनच शिजवता ना? मग खडा आमच्याच पोरांच्या दाताखाली का?"

एका बदकामागे दुसरं बदक अर्धं लपलेलं दिसलं की पुस्तक बाजूला. "लपलेलं मोजायचं की नाही, हे पोरानं कसं ठरवायचं?" असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा तो नुसता काटेकोरपणा वाटे.

सहासष्ट साली अक्का तापाने पडल्या आणि निवडायला मी एकटा गेलो. कागद जाड, रंग ठसठशीत, बांधणी मजबूत. एवढं पाहिलं आणि अर्ध्या तासात मोकळा झालो. पाचच्या पानावर केळ्यांची फणी होती. वर्गात मी सुमन नावाच्या मुलीला विचारलं, "किती केळी?"

"दहा."

वर्ग हसला. मी पुन्हा मोजायला लावलं. तिने पाचांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मांगे बी शेतस ना, गुरुजी." मागेही आहेत म्हणे!

मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती आकड्याच्या तासाला तोंड उघडेना. आठवड्याने शाळेतच येईना. मी घरी गेलो, तर वडील म्हणाले, "पोरले आकडाच समजतस नही, मंग शाळामा धाडीसन काय करू?" ते केळीच्या बागेत कामाला होते. सुमन त्यांच्यामागे दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

अक्का बऱ्या होऊन आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक मागितलं, पाचावर अंगठा ठेवला आणि एकेका केळ्यावर बोट ठेवत मोजलं. "गुरुजी, फणीला दोन ओळी असतात. ज्यानं चित्र काढलं त्यानं पुढूनच पाहिली. पोरीनं बागेत पाहिली आहे."

मग त्या स्वतः तिच्या घरी गेल्या आणि येताना सुमनला हाताला धरून घेऊन आल्या. दुसऱ्या हातात खरी फणी होती. वर्गासमोर फणी माझ्याकडे देत म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही मोजा."

पुढे सात, मागे आठ. पंधरा. मग मी मुलांना सांगितलं की सुमनचं बरोबर होतं, मी चुकलो होतो. अक्कांनी केळी अर्धी अर्धी करून वाटली. तीस अर्धुकं, तीस मुलं. आम्हा दोघांना काही उरलं नाही. त्या दिवशी तोंडात केळं असताना सुमन पुन्हा बोलायला लागली.

चार वर्षांनी अक्का निवृत्त होऊन धुळ्याला मुलाकडे निघाल्या. निरोपाला सगळी शाळा बसपाशी आली होती. आता माझी मुलगी पहिलीत आहे आणि दुकानात माझा अंगठा आपोआप आकड्यावर जातो. पण अक्का आठवतात त्या मात्र त्या बसच्या खिडकीतल्या.

सुमन पुढे झाली आणि तिने खिडकीतून केळ्यांची फणी आत दिली. अक्कांनी ती आधी उलटी करून पाहिली, मग सुलटी. "किती गं?"

सुमनने माझ्याकडे बोट केलं. "गुरुजींना विचारा."

अक्कांनी हसत फणी खिडकीबाहेर धरली. मी दोन्ही बाजूंनी मोजली. "पुढे सहा, मागे सात. तेरा."

सुमनने टाचा उंचावून पुन्हा एकदा स्वतः मोजलं. बस हलली तेव्हा ती मला म्हणाली, "बराबर शे."