नारळाभोवती आठ कॅप

आप्पांची अँबेसेडर पुन्हा धावणार या नुसत्या कल्पनेनेच मी त्या दसऱ्याला अंगात आल्यासारखी वागत होते. आप्पा म्हणजे माझे वडील. अंकुशनगरला साखर कारखान्यावर ड्रायव्हर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. ज्या गाडीतून साहेब लोकांना फिरवलं, तीच निवृत्तीनंतर विकत घेऊन त्यांनी भोकरदनला माझ्या दारात आणून लावली. पुढे तिच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आणि ती दारातच राहिली. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. फळ्यावर पिस्टन खालीवर नाचवून दाखवते, आणि दारातला मात्र वर्षानुवर्षं जागचा हलत नव्हता.

गाडी उघडायची तर चाचांनीच, हा आप्पांचा हट्ट. चाचा पूर्वी कारखान्याच्या वर्कशॉपात मिस्त्री होते, मग भोकरदनला बसस्टँडमागे त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. आप्पांची आणि त्यांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. आता चाचांचं वय झालं होतं आणि गॅरेज बंद करा म्हणून त्यांचा मुलगा मागे लागला होता. शेवटी चाचांनीच त्याला सांगून टाकलं, "हे एक इंजिन बराबर बसू दे. न्हाई बसलं, तर तूच कुलूप लाव." मी तिथेच उभी होते. तेव्हा मला हे बोलणं फार शूर वाटलं होतं.

चाचांनी तसल्याच दुसऱ्या गाडीचं एक जुनं इंजिन मिळवलं. ब्लॉक त्याचा घ्यायचा, क्रँक म्हणजे फिरता दांडा आणि त्याला पिस्टनशी जोडणारे चार कनेक्टिंग रॉड आमचे घालायचे, असा बेत ठरला. दोन्ही इंजिनांचे सुटे भाग धुवायचं काम मी मागून घेतलं. रॉड देताना चाचांनी प्रत्येक रॉडच्या खालची, क्रँकला कवळणारी अर्धगोल कॅप ज्याची त्याला नट फिरवून लावून दिली होती. ही त्यांची जुनी रीत. कॅप रॉडपासून सुटी म्हणून ठेवायचीच नाही. "असंच धू, बेटा," एवढंच ते म्हणाले.

आता मी पडले स्वच्छतेची भोक्ती. सांध्यात काळा मळ दिसत होता, तो मला बघवेना. मी सगळे नट सोडले, घासून घासून भाग चकचकीत केले, आणि खंडेनवमीला अंगणात नवी सतरंजी टाकून दोन्ही इंजिनं मांडली. मधोमध नारळ, त्याच्याभोवती आठही कॅप गोल, जणू रांगोळीच. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. फोटो काढून स्टेटसला टाकला तर शाळेतल्या बाईंचे अंगठ्यावर अंगठे! पूजा झाल्यावर रॉडवर आणि कॅपवर कोरलेले नंबर बघून सगळ्या कॅप परत रॉडना लावल्या. एकच्या रॉडला एक, दोनला दोन. केवढी शिस्त! आमचा तडकलेला ब्लॉक आणि दुसऱ्या इंजिनाचे नको असलेले क्रँक-रॉड राजूरच्या भंगारवाल्याला देऊनही टाकले.

चाचा क्रँक बसवणार त्या दिवशी गॅरेजात ही गर्दी. आप्पा धुवट सदरा घालून खुर्चीत बसलेले, चाचांचा मुलगा आपलं दुकान सोडून आलेला, समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहाचे ग्लास घेऊन उभी. पहिला रॉड लागला. चाचांनी क्रँक हाताने फिरवली, सुळकन फिरली. मी टाळीच वाजवली. दुसऱ्याच्या कॅपचे नट आवळले आणि क्रँक जाम. नट ढिले केले की फिरते, आवळले की घट्ट. तीन नंबरचंही तेच.

चाचांनी वाकून बराच वेळ त्या दोन कॅपकडे पाहिलं. मग डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझीच नजर चुकली."

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे सगळं भोकरदन जाणतं. किती दिवस या घटकेसाठी जीव टांगणीला लागला होता! मी सगळ्यांदेखत म्हणाले, "चाचा, आधी डोळे तरी दाखवून घ्यायचे होते!"

आप्पा फक्त "माय, सबूर," म्हणाले. चाचांचा मुलगा हळूच पुढे आला. "बस करो अब्बा. अब लोगां भी बोलने लगे." चाचांनी पान्हा पुसला आणि डब्यात ठेवला. हॉटेलातली माणसं एकेक करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना माझ्या मोबाईलवर शाळेतल्या एका बाईंचा निरोप आला, तो पूजेचा फोटो पुन्हा पाठवा म्हणून. मी फोटो उघडला आणि हातातला घास हातात राहिला. नारळाभोवतीच्या कॅपवर नंबर स्पष्ट दिसत होते. एक, दोन, तीन, चार. आणि पुन्हा एक, दोन, तीन, चार! नंबर तर दोन्ही इंजिनांवर तेच होते. मी दोनला दोन लावली खरी, पण कुठल्या इंजिनाची?

लाजेने माझे कान तापले. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी आनंदच झाला. इंजिन जाम का झालं ते सापडलं होतं! मी ताटावरून उठले, भंगारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ट्रक भरून राह्यलो. संध्याकाळच्याला माल जालन्याला भट्टीत जातो." मी स्कूटी काढली ती थेट गॅरेजसमोर. चाचा हत्यारं पेटीत भरत होते.

"चाचा, बसा मागं. जल्दी! कॅप मीच बदलल्या."

"मालूम हाय," चाचा म्हणाले आणि शांतपणे मागे बसले.

राजूरचा रस्ता मी आयुष्यात इतक्या जोरात कापलेला नाही. वाऱ्यात ओरडून विचारलं, "माहीत होतं तर बोलला का नाही?"

"तुझा फोटू मीबी पाह्यल्ता, क्रँक जाम झाली तवा ध्यानात आलं. कॅप पूजेत मांडल्त्या, बेटा. पूजेनं इंजिन बिघडवलं, असं चार लोकांत म्हणू? आन तेबी दोस्ताच्या लेकीला?" मग जरा थांबून ओरडले, "पुढं बघ, गड्डा हाय!"

भंगारवाल्याचा ट्रक अर्धा भरला होता. आम्ही दिलेला माल तळाशी! चाचा या वयात चाकावर पाय देऊन वर चढले, मी साडी खोचून त्यांच्या मागे. पत्रे बाजूला सारले, सायकलींच्या चौकटी फेकल्या. चारही रॉड सापडले, मीच आवळून लावलेल्या कॅपसकट. मी नाचायचीच बाकी होते.

परत आल्यावर चाचांनी मला खूण दाखवली. रॉड आणि कॅप बनतानाच जोडीने घासलेले असतात. जोडी खरी असेल तर सांध्यावरून नख फिरवलं की अडकत नाही. इंजिनातल्या दोन नंबरवर माझं नख अडकलं. ट्रकातून आणलेली दोन नंबरची कॅप लावली आणि नख सरळ गेलं. तीन नंबरवरही तसंच! एक आणि चार नशिबाने आपापल्या जोडीलाच होते. मी एवढ्याने ओरडले की हॉटेलातली कालचीच माणसं धावत आली, चाचांचा मुलगाही आला. आप्पांना तर मीच बोलावून घेतलं होतं.

आता थांबून चालणार नव्हतं. मी म्हणाले, "काल मी चाचांच्या डोळ्यांवर बोलले. चाचांनी जोड्या लावून दिल्या होत्या, त्या मी सोडल्या. चूक माझी होती, आणि त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली. चाचा, मला माफ करा." चाचा म्हणाले, "आधी क्रँक फिरव." मी फिरवली. एका हाताने फिरली.

पुढच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. आप्पांनी स्टीअरिंग हातात घेतलं, शेजारी चाचांना बसवलं आणि बसस्टँडला दोन फेऱ्या मारल्या. मागच्या सीटवर बसून मी वेड्यासारखी हसत होते आणि डोळेही पुसत होते.

तरी खरी बातमी मला दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कळली. गॅरेजसमोर चाचांचा मुलगा आपली मोटारसायकल स्टँडवर लावत होता. "अब्बा," तो म्हणाला, "जरा इसका आवाज देखो ना."