मिस्त्रींचा उजवा कान

कॉम्प्युटर लावून गाडी तपासणाऱ्यांना मिस्त्री येताजाता नावं ठेवत. त्यांची पद्धत एकच. लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ उजव्या कानाला लावायची, डाव्या कानात बोट घालायचं. कुठला सिलिंडर कामचुकारपणा करतोय, ते लगेच सांगत.

आज आलेली गाडी मिसफायर होऊन गचके देत होती. नेहमीप्रमाणे त्यांच्या बायकोने ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन चालू केलं. मिस्त्रींनी मूठ कानाला लावली, बोट घातलं, डोळे मिटले.

सगळं चिडीचूप.

"बंद कशाला केलीस? अक्कल गहाण ठेवलीस का?" म्हणत त्यांनी डोळे उघडले. समोर पंख्याचा पट्टा गरगर फिरत होता. हादरून त्यांनी बोट काढलं, तर इंजिनाचा आवाज डाव्या कानावर आदळला.

बायकोने उतरून स्क्रूड्रायव्हर घेतला, स्वतःच्या कानाला लावला. "अहो, तिसरा अडखळतोय."

तिसऱ्याचा प्लग बदलला आणि इंजिन सुरळीत चालू लागलं. मिस्त्रींना आठवलं, या महिन्यात तीन गाड्या तोच दोष घेऊन परत आल्या होत्या, आणि तिन्ही मालकांना त्यांनी झापलं होतं, "इंजिन ठणठणीत आहे. आधी तुमचे कान तपासून घ्या!"