पोट आत, पाठ जमिनीला

आधी चूक सांगतो, म्हणजे पुढचा ताठा कोणाला खोटा वाटणार नाही.

त्या दुष्काळात आम्ही चिकलठाण्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. चहूकडं इमारती उठत होत्या, नळ मात्र पोचला नव्हता. टँकर दिवसाआड संध्याकाळी यायचा. त्यातल्या पाण्यानं खालची टाकी भरत नसे, म्हणून नियम ठरला होता: आपापले कॅन खाली रांगेत लावायचे, भरायचे, जिन्यानं वर न्यायचे. ज्याच्या कॅनपाशी घरचं माणूस उभं नाही, त्याची पाळी गेली. आमच्या घरात हे काम माझं होतं.

पण चाळिशीत सुटलेलं पोट मला बघवत नव्हतं, म्हणून मी जालना रोडवरच्या एका एसी जिममध्ये जात होतो. तिथं बोअरला पाणी होतं आणि शॉवरही होता. टँकरच्या एका संध्याकाळी बायकोला फोन केला, "कंपनीत अडकलोय," आणि शॉवरखाली जाऊन उभा राहिलो. लाज वाटते, पण त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

घरी आलो तर ती स्वयंपाकघरात फरशीवर सरळ पडलेली. सहा कॅन तिनं वर आणले होते, सातव्याला पाठीत कळ आली. तिनं माझ्या डोक्याकडं पाहिलं.

"कंपनीत पाऊस पडला का?"

दुसऱ्या दिवसापासून जिम बंद केली. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, पाठ सावरायची तर पोटाचे स्नायू घट्ट व्हायला हवेत, नाहीतर ही कळ आयुष्यभर राहील. त्यांनी व्यायाम दाखवले. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, पोट आत ओढायचं, पाठ जमिनीला टेकवायची. मग एक पाय सावकाश उचलायचा. काही आठवड्यांनी कोपरांवर आणि गुडघ्यांवर शरीर फळीसारखं तोलून धरायचं. मी हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि बायकोच्या शेजारी आडवा झालो.

"तुम्ही कशाला? प्रायश्चित्त माझ्यासमोर करू नका," ती म्हणाली.

"प्रायश्चित्त नाही. पोट माझंही सुटलंय."

"ते दिसतंय. आकडे मोजू नका मोठ्यानं."

तिचा भाऊ सोयगावहून बघायला आला, तेव्हा आम्ही सतरंजीवरच होतो. "दाजी, हे काय गरिबावाणी! ताईला जिमला घाला की. मशीन हाय, एसी हाय."

"मशीन नको," मी म्हणालो. "ज्या शहरात प्यायचं पाणी जिन्यानं वर न्यावं लागतं, तिथं घाम काढायला वीज आणि घाम धुवायला शॉवर मला नको."

"लई बदलले राव तुम्ही!"

"व्हय, बदललो." मी तसाच पाय वर धरून राहिलो.

खालच्या मजल्यावरचे काका दार उघडं दिसलं की डोकावायचे. "साहेब, पोटानं फरशी पुसता का काय?" मी म्हणायचो, "या, तुमचीही पुसून देतो." हसू देत. पंखा बंद ठेवून, जुन्या सतरंजीवर आम्ही रोज सकाळी घाम गाळला. नंतर ओला पंचा अंगावर फिरवला की झालं. त्याला एक तांब्या पाणी लागायचं, आणि पंचा पिळलेलं पाणी संडासात जायचं. माझं पोट फारसं कमी झालं नाही, हेही कबूल करतो. पण सरळ बसता येऊ लागलं.

टँकरच्या दिवशी मी कंपनीतून लवकर निघायला लागलो. अर्जात कारण लिहिलं: पाणी भरणे. साहेबांनी विचारलं, "असं लिहितात का? तब्येतीचं लिहा." मी म्हणालो, "एकदा खोटं बोललो होतो, सर. तेवढं पुरे." कारण खोडलं नाही.

तीन महिने तिनं एकही कॅन उचलला नाही. मी उचलूही दिला नाही. मग एका संध्याकाळी मी चार कॅन दारात ठेवले आणि दम खात उभा राहिलो. ती आतून आली, गुडघ्यांत वाकली, पोट आत ओढलं आणि त्यातला पाच लिटरचा लहान कॅन छातीशी धरून उभी राहिली. माझा हात आपोआप पुढं झाला.

"हात लावू नका."

मी बाजूला झालो. ती सावकाश स्वयंपाकघरात गेली, कॅन ओट्यावर ठेवला आणि दुसऱ्यासाठी परत आली.