सावळारामचं पाणी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या सावळारामचे डोळे चौथ्या वर्षीच गोवरात गेले. त्याला आता पंचावन्न वर्षं झाली, त्यामुळे डोळ्यांबद्दल तो फारसं बोलत नाही. बोलतो ते पाण्याबद्दल. उसाला पाणी द्यावं तर त्यानंच. अनवाणी पायांनी बांधावर उभं राहून तो ऐकतो. कोरडी माती पाणी पिताना बारीक चुरचुरते, सरी टोकापर्यंत भरली की आवाज जड होतो. मग तो खोऱ्यानं त्या सरीचं तोंड बुजवतो आणि पुढचीचं फोडतो. अशा वेळी त्याला हाक मारू नये. तो जागेपणीच स्वप्नात असतो आणि त्या स्वप्नात त्याला सगळा ऊस दिसतो, असं त्याची बायको कौसल्या सांगते. कसा दिसतो ते विचारायची सोय नाही. चिडतो.

निरवांगीची मोनाली पुण्यात सिनेमा शिकली. तिनं सावळारामवर पंधरा मिनिटांचा चित्रपट केला. दिव्यांगांवरच्या चित्रपटांना हल्ली बरे दिवस आलेत, त्यांचे वेगळे महोत्सव भरतात. तसा एक बारामतीत होता. सावळाराम नवा सदरा घालून गेला. त्याला एकच हौस होती. आयुष्यभर ‘आंधळा सावळा’ म्हणणाऱ्या मुलखाला आज कळावं, की हा उसाला पाणी धरणारा गडी आहे.

गारेगार सभागृहात त्यानं हळूच चपला काढल्या. बासरी वाजली. मग पाणी आलं, खळाळत, दगडांवरून उड्या मारत. सावळाराम दचकला. आपल्या काळ्या रानात दगड कुठले? असं पाणी सुटलं तर बांध फुटेल, ऊस आडवा होईल, आणि पडद्यावरचा सावळाराम आपला शहाण्यासारखा ऐकत उभा! टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर लोकांनी त्याचे हात दाबले. “कधीपासून दिसत नाही हो?” एक बाई तर मुसमुसल्या. सावळारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मोनाली, ते पाणी माझं न्हाय,” तो म्हणाला.

ती गोंधळली. मग खालच्या आवाजात कबूल झाली. “आबा, आपल्या रेकॉर्डिंगमधी शेजारचा ट्रॅक्टर घुसला हुता. म्हणून नदीचा आवाज लावला. कुणाला काय कळतंय, असं वाटलं.”

“मला कळतंय की! मी पाणी धरतोय का नदीत म्हस धुतोय?”

आठ दिवसांनी पाण्याची पाळी आली तेव्हा मोनाली माईक घेऊन हजर. सावळारामनं तिला चपला काढायला लावल्या. “डोळं मीट आन् गप उभी ऱ्हा.” आधी तिला काहीच कळेना. मग कुठूनशी बारीक चुरचुर आली, तळपायांखालची माती मऊ झाली, आणि आपण नक्की कुठं उभ्या आहोत हे ती बराच वेळ विसरून गेली.

पुढं इंदापूरला भरलेल्या महोत्सवात तिनं बासरी काढून टाकली आणि पडदाही तीन मिनिटं काळा ठेवला. नुसतं सावळारामच्या रानातलं पाणी. सावळाराम बसल्या जागी रानात पोचला. उसाचा ओला वास आला, पावलांना गारवा लागला. आवाज जड होत गेला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी न राहवून ओरडलं, “आवो, भरली सरी! फोडा की फुडची!”

सगळे हसले. सावळारामनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

ओरडणारा दादासो हा इंदापूरकडचाच ऊसवाला. बाहेर तो सावळारामला शोधत आला. त्यानं हात दाबला नाही की डोळ्यांची चौकशी केली नाही.

“सरी लय लांब काढलीया तुमी. आवाज जड व्हायला किती येळ लागला!”

“मधी उंचवटा हाय, पाव्हणं.”

“मग सरी आखूड करायची. येवढं कळत न्हाय व्हय?”

“आवो, आखूड करून जादा बांधात किती रान जातंय?”

दोघांची चांगलीच जुंपली. एसटी निघेल म्हणून कौसल्यानं दोनदा बाही ओढली, पण सावळाराम हलेना. आजवर लोकांनी त्याची कीव केली होती, कौतुकही केलं होतं. त्याच्या कामात चूक आजच पहिल्यांदा कुणीतरी काढली होती, आणि त्या आनंदात तो तावातावानं भांडत होता.