सोमवार-गुरुवारची साखळी

रेल्वे पोलिसांच्या नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, खून पाहिले, रुळांवरचे पंचनामे तर किती केले याची मोजदाद नाही. पण निवृत्तीनंतरही जी घटना माझी पाठ सोडत नाही, ती कायद्याच्या लेखी अगदी किरकोळ होती. साखळी ओढून गाडी थांबवणे, एवढाच गुन्हा.

तेव्हा मी रत्नागिरी स्थानकातल्या ठाण्याचा प्रमुख होतो. दुपारची पॅसेंजर रत्नागिरीहून सुटली की भोके, उक्षी करत संगमेश्वरकडे जाई. ही लाईन नव्वदच्या दशकात डोंगर फोडून काढलेली. बोगदा, दरी, पुन्हा बोगदा. रूळ एकेरी, त्यामुळे मध्येच एक गाडी थांबली की समोरची पुढच्या स्थानकात अडकते आणि मागची सिग्नलला. आणि ही पॅसेंजर उक्षीच्या पुढे एका कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीत, सारखी थांबू लागली. गार्डचे मेमो माझ्या टेबलावर साचले. वरून विचारणा आली.

सकाळची हजेरी झाली की मी शिपायांना निरनिराळ्या डब्यांत पाठवत असे. साखळी कोण ओढतो ते कळेना. प्रवाशांना विचारले की ते खिडकीबाहेर बघत. संशय कॉलेजच्या मुलांवर होता. दोघा-तिघांना ठाण्यात आणून दरडावलेही. निष्पन्न काही नाही.

मग गाडीत कोकम सरबत विकणारी एक बाई आपणहून ठाण्यात आली.

"सायेब, त्या पोरांना कशाला तरास देताव? सोमवार नि गुरवार बघा. माझा नाव मात्र घेऊ नका."

एवढे बोलून ती गेली. मी मेमो वारांप्रमाणे लावले. सगळे सोमवार आणि गुरुवारचे, आणि किलोमीटरचा दगडही प्रत्येक वेळी तोच. मी लाईनचा भूसंपादनाच्या वेळचा नकाशा मागवला. त्या दगडापाशी एक तुटक रेघ रुळांना छेदून जात होती. ती एका वाडीची जुनी पायवाट होती.

पुढच्या सोमवारी मी स्वतः साध्या कपड्यांत गाडीत बसलो, बरोबर एक महिला शिपाई. समोर एक जोडपे होते. नवरा पन्नाशीचा, चेहरा सुजलेला, डाव्या दंडाला पट्टी. बायको ठेंगणी. उक्षी सोडल्यावर ती उठली, हातातल्या छत्रीची वाकडी मूठ साखळीच्या दांड्याला अडकवली आणि खाली ओढली. गाडी करकरत थांबली. सगळा डबा खिडकीबाहेर बघू लागला. एकाने तर त्यांची पिशवीही उतरवून दाराशी नेऊन ठेवली होती. मी तिचा हात धरला.

दोघांना संगमेश्वर स्थानकात उतरवून जबाब घेतले.

"साखळी मी ओढली," नवरा म्हणाला.

"मी समोर बसलो होतो."

"तरी मीच ओढली, असा लिवा."

बायको त्याला गप्प करत म्हणाली, "सायेब, आठवड्यातून दोनदा ह्यांचा डायलिसिस असता. तो झाला की ह्यांना पाय उचलवत नाय. टेशनापासून वाडी दोन टेकड्यांपलीकडं, दुपारची गाडी-घोडा काय मिळत नाय. त्या कटिंगात उतरला तर दहा मिन्टात घर."

"तुमच्या दहा मिनिटांसाठी चार गाड्या अडकतात. अपघात झाला तर?"

नवरा म्हणाला, "सायबानू, ती कटिंग खणाया मी व्हतो. वीस वर्साचा व्हतो तवा. आमचीच वाट आमी कापली. वाटला, गाडी येतेय तर थांबलही."

मी कलम लावले, जामिनावर सोडले आणि परतीची गाडी पकडली. त्या दिवशी ती दोघे घरी कशी गेली, ते मी विचारले नाही.

कोर्टात तिने गुन्हा कबूल केला. दंड झाला. बाहेर पडताना मी बजावले, "पुन्हा असं करायचं नाही." तिने मान हलवली आणि शब्द पाळला. मेमो थांबले. वरिष्ठांनी तपासाबद्दल शाबासकी दिली, फाईल बंद झाली.

सात-आठ महिन्यांनी रुळांवर गुरे येण्याच्या तक्रारीसाठी त्याच वाडीत गेलो. ती पडवीत भात पाखडत होती. कपाळ मोकळे होते. मला ओळखून तिने पाणी आणून दिले.

"कधी झालं?" मी विचारले.

"गणपतीच्या आदी. ह्यांना टेकड्या चढवत नव्हत्या. आदी डायलिसिसचा दोनाचा एक वार केलानी, मग तोही सोडलानी. म्हणाले, तुला परत कोर्टात उभी करायची नाय."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तीच म्हणाली, "तुमी तुमचा काम केलात, सायेब."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

तपास चोख होता आणि गुन्हा थांबवणे हे माझे कर्तव्यच होते, हे मी आजही म्हणेन. पण सरकारी दवाखान्याच्या गाडीसाठी एक अर्ज, सरपंचांना एक फोन, स्टेशनवर थांबणाऱ्या रिक्षावाल्यांशी दोन शब्द, यातले काहीही मला करता आले असते. सुचलेच नाही, कारण माझ्या दृष्टीने प्रकरण संपले होते. त्यानंतर नोकरीत होतो तोवर प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारत असे. तो कुठल्याही छापील नमुन्यात नाही. "आता उद्यापासून तुम्ही काय करणार?"